भरतीच्या आकड्यात दवाखाना दिसतो का?

रात्री पावणेतीनला इमर्जन्सीत एक गृहस्थ येतात. वय ६२. आडवं होता येत नाही, बसूनच श्वास चाललाय, दोन शब्द बोलले की थांबावं लागतंय. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो. ऑक्सिजन लागतो, शिरेतून लघवी सुटण्याचं इंजेक्शन जातं, आणि सकाळी गृहस्थ उशीला टेकून झोपलेले दिसतात. चार दिवसांत साडेपाच किलो वजन उतरतं. ते सगळं पाणी. एका रात्रीत ते साचत नाही. दोन-तीन आठवडे चपला घट्ट होत गेलेल्या असतात, उशाखाली एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा आलेल्या असतात, आणि जिना चढताना मध्येच थांबायची सवय झालेली असते.

हृदयाचा जोर कमी पडल्याची अशी भरती कुठल्याही मोठ्या रुग्णालयाला नवी नाही. घरी सोडल्यावर या साऱ्या प्रकाराची कॉम्प्युटरात एक ओळ उरते: वय, लिंग, राहण्याचा भाग, भरतीची तारीख, सुटीची तारीख, मुख्य निदानाचा कोड. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो आय-५०. उशा आणि चपला त्या ओळीत नसतात.

आता प्रश्न असा, की या ओळीवरून, किंवा अशा लाखभर ओळी एकत्र करून, रुग्णालयाबाहेरच्या उपचारांबद्दल काही म्हणता येईल का? म्हणजे हे गृहस्थ ज्या दवाखान्यात एरवी जायचे, तिथलं काम बरं चाललंय की नाही, हे? गेली तीसेक वर्षं अनेक देशांच्या आरोग्ययंत्रणा 'येईल' असंच धरून चालल्या आहेत. मीही त्याच बाजूचा आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीवर सुरू होते, जिथे हाच आकडा एखाद्या डॉक्टरच्या नावापुढे मांडतात आणि त्यावर त्याचं मानधन ठरवतात.

कल्पना मुळात साधी आणि पटणारी आहे. काही आजार असे, की वेळेवर आणि नेटाने बाहेरच्या बाहेर सांभाळले तर माणसाला खाटेवर पडायची वेळ सहसा येऊ नये. दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा, फुप्फुसांचा जुनाट आजार. एखाद्या भागातले लोक याच कारणांनी वारंवार भरती होत असतील, तर तिथल्या ओपीडीत कुठेतरी पाणी मुरतंय, असा हा तर्क. हार्वर्डच्या डेव्हिड रुटस्टाइन यांनी १९७६ मध्येच मांडलं होतं, की व्हायला नको असलेला आजार किंवा मृत्यू ही धोक्याची खूण मानावी आणि तो का झाला ते शोधावं. पुढे १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि मेरीलँड या राज्यांत जोएल वाइसमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विमा नसलेल्यांच्या अशा भरत्या खासगी विमा असलेल्यांपेक्षा जास्त होतात. १९९३ मध्ये जॉन बिलिंग्ज यांनी न्यूयॉर्कच्या गरीब आणि सधन वस्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि तफावत डोळ्यांत भरण्यासारखी निघाली. १९९५ मध्ये अँड्र्यू बिंडमन यांच्या गटाने कॅलिफोर्नियात उलट बाजूने पाहिलं: 'गरज पडली की डॉक्टर मिळतो का?' हे लोकांनाच विचारलं. जिथे लोक 'मिळत नाही' म्हणाले, तिथे या भरत्या जास्त होत्या. २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन व गुणवत्ता संस्थेने यातून निर्देशकांचा संच तयार केला. पुढे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या देशोदेशींच्या तुलनेतही दमा, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा यांच्या 'टाळता येण्याजोग्या भरती'चा तक्ता आला.

हा आकडा सगळ्यांना इतका आवडण्याचं एक व्यवहारी कारण आहे, ते स्पष्ट बोललेलं बरं. ओपीडीत काय चालतं याची नोंद बहुतेक ठिकाणी तुटक, विखुरलेली किंवा डॉक्टरांच्या अक्षरात अडकलेली असते. रुग्णालयाची नोंद मात्र बिलासाठी का होईना, ठेवावीच लागते. आयती, स्वस्त आणि सगळीकडे एका साच्यातली. दवाखान्याची परीक्षा रुग्णालयाच्या कागदांवर घ्यायची ही कल्पना अर्धी विचारातून आणि अर्धी सोयीतून आलेली आहे. त्यात गैर काही नाही, पण सोयीचा भाग कोणता हे विसरू नये.

आकडा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ब्राझीलने कुटुंब-आरोग्य पथकं वस्तीवस्तीत पाठवली, तेव्हा फायदा मोजायला हेच माप हाताशी आलं. २००८ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने स्वतःची आजारांची यादी जाहीर केली, आणि जिथे पथकं जास्त लोकांपर्यंत पोचली तिथे जुनाट आजारांच्या भरत्या अधिक घटल्याचं अभ्यासांत दिसलं. इंग्लंडमधल्या वयस्कर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एका गटाने दाखवलं, की दरवेळी त्याच डॉक्टरकडे जाणाऱ्यांच्या अशा भरत्या कमी असतात. नेहमीचा डॉक्टर चेहरा पाहून 'तुमची सूज वाढलीय' म्हणतो, नव्या डॉक्टरला आधी फाइल वाचावी लागते. यात नवल काही नाही, पण आकड्याने ते पकडलं.

म्हणजे मोठ्या पटावर, पुष्कळ लोकसंख्येवर, वर्षानुवर्षं पाहिलं तर हे माप काहीतरी खरं सांगतं. पण काय सांगतं?

कॅलिफोर्नियातल्या २००० ते २००८ च्या भरत्या तपासताना हिलरी सेलिगमन आणि सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट सापडली. रक्तातली साखर फार खाली गेल्यामुळे होणाऱ्या भरत्या गरीब वस्त्यांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होत्या. सधन वस्त्यांत असा चढउतार नव्हता. कारण उघड आहे. महिनाअखेर पैसे संपतात, पोटात अन्न कमी जातं, आणि इन्शुलिनचा डोस मात्र पहिल्या तारखेचाच राहतो. आता सांगा, हा दोष कोणत्या दवाखान्याचा? डॉक्टरने डोस बरोबर लिहिला, रुग्णाने तो बरोबर घेतला, आणि म्हणूनच तो खाटेवर आला. या भरतीचं खापर ओपीडीवर फोडणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

इथे कोणी म्हणेल, चांगला डॉक्टर हेही विचारतो, 'महिनाअखेरीला जेवण पुरतं का?' मान्य. विचारायलाच हवं. पण विचारून त्याच्या हाती काय, तर डोस थोडा कमी करणं. पैसे संपणं त्याच्या हातात नाही.

१९९९ मध्ये इंग्लंडच्या अँतोनियो जुफ्रिदा, ह्यू ग्रॅव्हेल आणि मार्टिन रोलंड यांनी दमा, मधुमेह आणि अपस्माराच्या भरत्यांवर हाच मुद्दा आकडेमोडीने तपासला. भागाची गरिबी आणि रुग्णालयांची उपलब्धता हिशोबात धरली, की कोण 'वाईट' आणि कोण 'चांगलं' याची यादीच बदलली. शेवटी जिथे खाटा जास्त तिथे भरत्या जास्त, हे तर १९६० च्या सुमारास मिल्टन रोमर सांगून गेले होते: खाट तयार झाली की ती भरतेच. सीमारेषेवरचा दमेकरी, म्हणजे नेब्युलायझरनंतर बरा वाटणारा पण अजून थोडी शिट्टी वाजणारा, खाट रिकामी असेल तर रात्रभर ठेवला जातो आणि नसेल तर इन्हेलर देऊन घरी. दोन्ही निर्णय वैद्यकीयदृष्ट्या रास्त असू शकतात. नोंदीत मात्र एकाची ओळ उमटते, दुसऱ्याची नाही.

माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत डोळे उघडणारा प्रयोग अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या ९ रुग्णालयांत झाला. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधुमेह, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा हृदयाचा अशक्तपणा असलेले १,३९६ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला घरी जाण्याआधीच नर्स आणि ठरलेला डॉक्टर भेटणार, नंतर फोन होणार, तारीख लवकरची मिळणार. दुसऱ्याला नेहमीचं. अपेक्षा अशी, की पहिल्या गटाच्या पुन्हा भरत्या कमी होतील. झालं उलटं. नेहमीच्या गटात दर माणशी महिन्याला ०.१४ भरत्या, तर विशेष काळजीच्या गटात ०.१९. आणि त्या गटातले रुग्ण जास्त समाधानी होते! कोणीतरी लक्ष देऊन पाहू लागलं, तेव्हा आधी न दिसलेली दुखणी दिसायला लागली असावीत, असं एक स्पष्टीकरण. भरतीच्या आकड्यावर या डॉक्टरांना गुण दिले असते तर ते नापास झाले असते.

उलट बाजूही बघावी. २०२० मध्ये साथीच्या पहिल्या महिन्यांत बहुतेक देशांत याच आजारांच्या भरत्या एकदम खाली आल्या. दवाखाने बंद, तपासण्या लांबलेल्या, लोक घराबाहेर पडायला घाबरलेले, आणि निर्देशक मात्र पाहिले तर इतके देखणे कधीच नव्हते. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यावरून कोणी म्हटलं नाही, कारण आजूबाजूला काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं. पण एखाद्या दूरच्या भागात, जिथे रुग्णालयापर्यंत पोचणंच अवघड आहे, तिथे हाच देखणा आकडा दरवर्षी येत असेल, तर ते कोणाला दिसणार?

इंग्लंड आणि आसपासच्या देशांत दम्याने गेलेल्या १९५ जणांच्या मृत्यूंची बारकाईने छाननी झाली आणि २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातले ४५ टक्के लोक वैद्यकीय मदत न मागताच किंवा मदत पोचायच्या आधीच गेले होते. ओपीडीच्या अपयशाचं याहून वाईट उदाहरण सापडणार नाही, आणि शेवटच्या झटक्याची भरती-नोंद त्यांच्या नावावर नाही. भरती होणारा दमेकरी निदान दारापर्यंत पोचला तरी होता.

आता 'टाळता येण्याजोगी' या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते निम्मा गोंधळ त्याच्यामुळे होतो. जर्मनीत काही कुटुंब-डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांच्या अशा भरत्या एकेक करून समोर ठेवून विचारलं, 'ही टाळता आली असती का?' २०१३ च्या त्या अभ्यासात शंभराहून थोड्या जास्त भरत्या होत्या. ४१ टक्क्यांबद्दल उत्तर 'कदाचित आली असती' असं आलं. स्वतःच्याच कामाबद्दल विचारलंय, तेव्हा उत्तर थोडं सैल धरू. तरी उरलेल्यांत खूप मोठा भाग असा राहतो, की सगळं नीट होऊनही माणूस आजारी पडला. हृदय थकलेलं असतं, फुप्फुसं झिजलेली असतात, हिवाळ्यात एखादा फ्लू येतो. यादीत आजाराचं नाव आहे म्हणून त्यातली प्रत्येक भरती कोणाच्या तरी हलगर्जीतून झाली, असं होत नाही.

शिवाय सगळे आजार एका मापाचे नाहीत. मधुमेहात रक्त आम्लधर्मी होऊन भरती झाली, तर गेल्या दोन-चार दिवसांत काय घडलं ते विचारायचं: इन्शुलिन संपलं होतं का, ताप आला तेव्हा काय करायचं हे कोणी सांगितलं होतं का. मधुमेहाने पाय कापावा लागला तर विचार गेल्या दहा-पंधरा वर्षांचा. त्या काळात रुग्णाने तीनदा घर बदललं असेल, डॉक्टर चार झाले असतील. पण शेवटच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तो ज्या भागात राहत होता, त्या भागाच्या खात्यावर ती नोंद जाते. आणि हे दोन्ही एकाच बेरजेत पडतात, कारण बेरीज केली की तक्ता सुटसुटीत दिसतो. आणखी एक गोष्ट बरेच वाचक नजरेआड करतात. दर काढताना खाली साधारणपणे त्या भागाची एकूण प्रौढ लोकसंख्या असते, त्यातल्या मधुमेहींची संख्या नव्हे. जिथे मधुमेहीच दुप्पट, तिथे उपचार तितकेच चांगले असूनही दर दुप्पट येणार. आणि दर मोजतो भरत्या, माणसं नव्हेत. एकच गृहस्थ वर्षात सहा वेळा आले तरी आकड्याला ते सहा गृहस्थ.

कोडिंगवर मी लांबण लावत नाही. ज्याने केस पेपरवरून कोड भरताना माणसं पाहिली आहेत त्याला माहीत आहे. जुनाट फुप्फुसरोगावर न्यूमोनिया झाला, तर मुख्य निदान कोणतं लिहायचं हे नियमावर जेवढं अवलंबून, तेवढंच त्या दिवशीच्या घाईवरही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला कोडांची नववी आवृत्ती जाऊन दहावी आली. अशा बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दर सरळ एका रेषेत जोडू नयेत, एवढं पथ्य तरी पाळावं.

आता डॉक्टरच्या नावापुढे आकडा लावण्याबद्दल. समजा एका डॉक्टरकडे नोंदलेल्या लोकांमधून वर्षाला सरासरी तीन दमेकरी भरती होतात, आणि तो दरवर्षी अगदी सारखंच काम करतो. निव्वळ योगायोगाच्या गणितात त्याला वीसातल्या एका वर्षी शून्य भरती मिळतील, आणि बारातल्या एका वर्षी सहा किंवा अधिक. शून्याच्या वर्षी त्याचा सत्कार होईल आणि सहाच्या वर्षी नोटीस येईल. त्याने केलेलं काम दोन्ही वर्षी एकच. लाखभर वस्तीच्या भागात हे झोके एकमेकांत विरतात. एका दवाखान्यात विरत नाहीत. आकडेशास्त्राचं हे अगदी प्राथमिक गणित आहे, तरी ते वगळून कामगिरीच्या याद्या लावण्याचा मोह अनावर असतो.

पैसा जोडला की माणसं हुशार होतात, वाईट नव्हे, फक्त हुशार. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून, घरी गेलेले रुग्ण ३० दिवसांत फार प्रमाणात परत आले तर रुग्णालयाला दंड होऊ लागला. तो पुढे कमाल ३ टक्क्यांपर्यंत गेला. परत येणाऱ्यांचा आकडा घटला. पण त्याच सुमाराला 'निरीक्षणाखाली' ठेवलेल्यांची संख्या वाढत होती. माणूस त्याच इमारतीत, तशाच खाटेवर, सलाइन लावून रात्रभर पडलेला, पण कागदावर बाह्यरुग्ण. दंडामुळेच तसं झालं की नाही, आणि हृदयविकाराच्या रुग्णांचे मृत्यू त्यानंतर वाढले का, यावर संशोधक आजही भांडत आहेत. मला त्या भांडणात निकाल द्यायचा नाही. दवाखान्यांना भरतीच्या दरावर पैसे लावले, तर सगळ्यात सोपी वाट कोणती असेल एवढंच विचारतो. सहा वेळा भरती होणाऱ्या त्या गृहस्थांना आपल्या यादीत न घेणं, ही ती वाट. ज्याला डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद.

मग करायचं काय? भागवार दर जरूर छापावेत, आजार वेगवेगळे ठेवून, आणि शेजारच्याच रकान्यात त्या भागाची गरिबी, खाटांची संख्या आणि रुग्णसंख्या द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला एकटा आकडा उचलून पळता येणार नाही. फार जास्त दर आणि फार कमी दर, दोन्हींवर खूण करावी. कमी दरावरची खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. आणि जिथे खूण पडेल तिथले पन्नासेक केस पेपर उघडावेत. प्रत्येकाचे गेले तीन महिने मागे जाऊन पाहावेत: शेवटची औषधं केव्हा नेली, तारीख मागितली तेव्हा किती दिवसांनंतरची मिळाली, रक्त तपासलं का, तपासलं तर अहवाल कोणी वाचला का.

हे खर्चिक आहे, असा आक्षेप येतोच. येऊ दे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या मृत्यूंची एकेक करून गोपनीय चौकशी १९५२ पासून सुरू आहे. नुसती संख्या छापण्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. दम्याच्या त्या छाननीचंच घ्या. किती जण गेले हे आधीही माहीत होतं. कागद उघडल्यावर दिसलं, की ज्या १६५ जणांच्या औषधचिठ्ठ्यांचा हिशोब लागला, त्यातल्या ६५ जणांना शेवटच्या वर्षात तात्पुरता आराम देणारे बारापेक्षा जास्त इन्हेलर लिहून दिले गेले होते. महिन्याला एकापेक्षा जास्त इन्हेलर संपतोय म्हणजे दमा हाताबाहेर गेलाय, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं. ही खरी ओपीडीची चूक, हातात धरून दाखवता येणारी, आणि उद्यापासून दुरुस्त करता येणारी: वर्षात अमुक इन्हेलर झाले की कॉम्प्युटरने थांबवावं आणि रुग्णाला बोलवावं. भरतीच्या दरावर कितीही वेळ नजर लावून बसलं असतं तरी हे सापडलं नसतं.

त्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या नोंदीतही असंच काही दडलेलं असणार. कदाचित लघवीची गोळी संपली होती आणि दुकानात मिळत नव्हती. कदाचित गुडघेदुखीसाठी कोणी सुजेवरची गोळी दिली, जी शरीरात पाणी धरून ठेवते, आणि देणाऱ्याला त्यांच्या हृदयाबद्दल माहीत नव्हतं. कदाचित त्यांनी दवाखान्यात फोन केला आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख घेतली. किंवा सगळं वेळेवर झालं होतं, डॉक्टरने डोसही वाढवला होता, आणि हृदय तेवढंच राहिलं होतं. चार वेगळ्या गोष्टी, चार वेगळे उपाय, चौथ्याला तर उपायच नाही. नोंदीत चारही ठिकाणी आय-५०.